पियानोच्या खोलीतला होकार: एका तरुण ऑपेरा गायिकेचे पहिले तीन हंगाम

ही घटना जर्मनीतल्या एका छोट्या ऑपेरा थिएटरातली आहे. तिथे मी कोरेपेटिटर होते, म्हणजे पियानोवर साथ करत गायकांकडून भूमिका बसवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. गायिकेच्या संमतीने लिहिते आहे. तिचं नाव, शहर आणि वर्षं गाळली आहेत. निर्णय जसे झाले तसेच ठेवले आहेत. त्यांमागचे दोन चुकीचे सल्ले माझे होते, आणि हे लिहायला बसण्याचं खरं कारण तेच आहे.

पार्श्वभूमी

जर्मनीत सार्वजनिक पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा थिएटरं आहेत. त्यातली बहुतेक आपल्याकडे पगारी गायकांचा कायमचा संच ठेवतात. त्याला एन्सेम्बल म्हणतात. महिन्याचा पगार, सप्टेंबरपासून जून-जुलैपर्यंत हंगाम, आणि एकाच आठवड्यात मोत्सार्ट, ऑपरेटा आणि शाळकरी मुलांसाठीचा प्रयोग. जगभरातले तरुण गायक इथे येतात ते या पगारासाठी आणि रंगमंचावर मिळणाऱ्या सरावासाठी.

इथे गायकाची ओळख ‘फाख’वरून होते. फाख म्हणजे आवाजाचं वजन, रंग आणि पल्ला पाहून केलेली वर्गवारी. सोप्रानोत, म्हणजे स्त्रियांच्या सर्वांत उंच पट्टीच्या आवाजातच, हलक्या, खेळकर आवाजाची सुब्रेट, तिच्यापुढे लिरिक, त्याहून भारदस्त तरुण-ड्रामॅटिक आणि शेवटी पूर्ण ड्रामॅटिक अशी चढण असते. आवाज वयाप्रमाणे जड होत जातो, म्हणून गायक या पायऱ्या वर्षानुवर्षांत चढतो. काही जण आयुष्यभर एकाच पायरीवर राहून उत्तम गातात.

ती लिरिक सोप्रानो होती. चोविसाव्या वर्षी संगीत विद्यापीठातून बाहेर पडली आणि एका मोठ्या थिएटरच्या ऑपेरा स्टुडिओत दोन हंगाम शिकली. स्टुडिओतल्या गायकांच्या वाट्याला येतात त्याच भूमिका तिला मिळाल्या: ‘फिगारो’मधली बार्बारिना, ‘जादूची बासरी’तली पापागेना, आणि डिसेंबरभर ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’मधली दवपरी. दवपरीचं काम पाच मिनिटांचं. पण ते भल्या मोठ्या प्रेक्षागृहात, मायक्रोफोनशिवाय आणि पुऱ्या ऑर्केस्ट्रावरून करायचं असतं. ते ती सहज करायची.

दुसऱ्या वर्षी सरकारी रोजगार संस्थेच्या कलाकार विभागामार्फत तिने ऑडिशन दिल्या. अशा ऑडिशनला साधारण पाच आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्याने गायची गाणी, तयार ठेवायच्या असतात; पहिली गायक निवडतो, दुसरी समोर बसलेली माणसं मागतात. ती नेहमी ‘जादूची बासरी’तल्या पामिनाच्या दुःखाच्या आरियाने सुरुवात करायची. सावकाश, हळुवार, लपायला कुठे जागा नाही अशी ती रचना आहे. पहिल्याच तुकड्याला ती घेणारे फार थोडे असतात. त्यावरच आमच्या थिएटरने तिला घेतलं. सुमारे सहाशे खुर्च्यांचं थिएटर, दोन हंगामांचा करार. पहिल्या हंगामात पामिना, ‘कार्मेन’मधली मिकाएला आणि ग्रेटेल. हंगाम छान गेला. ती सव्वीस वर्षांची होती.

समस्या

दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या एन्सेम्बलमधली ड्रामॅटिक सोप्रानो घरच्या कारणाने वर्षभरासाठी बाजूला झाली. जानेवारीअखेर पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’चा पहिला प्रयोग होता. जाहिरात झाली होती, तिकिटं विकली जात होती. बाहेरून पाहुणी गायिका आणायची तर प्रत्येक प्रयोगाचं मानधन, प्रवास आणि राहण्याचा खर्च आला. एन्सेम्बलमधलीच कुणी गायली तर तिचा पगार चालूच असतो. छोट्या थिएटरच्या हिशोबात हा फरक मोठा असतो.

थिएटरच्या प्रमुखांनी, म्हणजे इंटेंडंटनी, तिला बोलावून विचारलं आणि दहा दिवसांत उत्तर मागितलं.

बटरफ्लायची भूमिका फसवी आहे. कथेची नायिका चो-चो-सान पहिल्या अंकात पंधरा वर्षांची असते, आणि सत्तावीस वर्षांची सडपातळ मुलगी त्या वेषात शोभून दिसते. आवाज मात्र मुरलेला लागतो. पहिल्या अंकात आल्यापासून शेवटच्या आत्महत्येपर्यंत ती जवळजवळ सतत रंगमंचावर असते. लोक वरच्या सुरांना घाबरतात. पहिल्या अंकातल्या युगलगीताच्या शेवटी येतो तो तार ‘सा’, पाश्चात्त्यांचा हाय सी, गाताना स्वरतंतू सेकंदाला हजारावर वेळा आपटतात हे खरं. पण तिथे तिला काही अडचण नव्हती. खरा धोका मधल्या पट्टीत आहे. पुच्चिनी गायिकेचीच ओळ अनेक ठिकाणी व्हायोलिनच्या ताफ्याला वाजवायला देतो. ऐकायला ते मोहक वाटतं, पण गाणारीला आपलाच सूर वाद्यांत विरघळल्यासारखा होतो आणि ती नकळत जोर लावते. असं दोन तास चालतं, आणि सगळ्यात अवजड प्रसंग, मुलाचा निरोप, अगदी शेवटी येतो.

यात भर होती एका तारखेची. इथल्या रंगकर्मींच्या सामूहिक करारात नियम असा आहे: हंगाम संपताना करार संपत असेल आणि तो पुढे चालवायचा नसेल, तर तसं त्याच हंगामात ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं. कुणीच कळवलं नाही तर करार आपोआप एक हंगाम वाढतो. तिची दोन वर्षं त्या हंगामात संपत होती. सप्टेंबरात नाही म्हटलं तर ऑक्टोबरात पत्र हातात पडेल, ही भीती तिने बोलून दाखवली नाही. पण आमच्या खोलीतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तिचं लक्ष सारखं जायचं.

कोणते पर्याय समोर होते

सरळ नकार हा पहिला. तिच्या विद्यापीठातल्या शिक्षिकेचं मत हेच होतं. त्यांनी फोनवर प्रसिद्ध इटालियन सोप्रानो मिरेला फ्रेनीचं उदाहरण दिलं. फ्रेनी १९५५ मध्ये मिकाएला गाऊन रंगमंचावर आली आणि २००५ पर्यंत गात राहिली. बटरफ्लायची तिची ध्वनिमुद्रणं जगभर ऐकली जातात, पण संपूर्ण भूमिका तिने रंगमंचावर कधीच केली नाही. शिक्षिकेचं आवडतं वाक्य होतं: व्याजावर गा, मुद्दलाला हात लावू नकोस. आमच्या संगीत दिग्दर्शकांनी, म्हणजे ऑर्केस्ट्राचं संचालन करणाऱ्यांनी, उलट टोकाचं उदाहरण काढलं. विख्यात सोप्रानो मारिया कॅलासने १९४२ मध्ये अथेन्समध्ये टोस्का ही पुच्चिनीचीच जड भूमिका गायली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. शिक्षिकेचं त्यावर उत्तर तयार होतं: कॅलासचा शेवटचा ऑपेरा प्रयोग १९६५ चा, वय एकेचाळीस. मला या दोन्ही उदाहरणांचा उपयोग वाटला नाही, आजही वाटत नाही. फ्रेनीच्या किंवा कॅलासच्या गळ्यावरून तिसऱ्या कुणाच्या गळ्याचं भाकीत करता येत नाही.

दुसरा पर्याय होता होकार. तिच्या एजंटचा भर त्यावर होता. प्रमुख भूमिका म्हणजे समीक्षक येणार, मोठ्या थिएटरांचे लोक येणार.

तिसरा, भूमिका वाटून घेणं: पहिला प्रयोग आणि अर्धे प्रयोग पाहुणीकडे, उरलेले तिच्याकडे. इंटेंडंटनी हा बाजूला सारला, कारण दोघींना तालमी द्यायला वेळ नव्हता.

चौथा पर्याय कुणी मांडलाच नाही. उत्तर द्यायला मुदत मागायची आणि त्या काळात मुख्य रंगमंचावर चाचणी घ्यायची. त्याबद्दल पुढे लिहिते.

पहिला निर्णय: सप्टेंबर

दहा दिवस आम्ही रोज तासभर बसलो. माझी खोली लहान होती, पियानोचं झाकण अर्धं बंद, भिंतींना आवाज शोषणारं कापड. दुसऱ्या अंकातली ती प्रसिद्ध आरिया, एक दिवस समुद्रावर धूर दिसेल अशी आशा धरून गायलेली, तिने तिसऱ्याच दिवशी अशी गायली की माझे हात पियानोवर थांबले. शेवटच्या दिवशी तिने वही मिटली आणि विचारलं, “तू सांग, करू?”

मी म्हणाले, “कर.”

त्या शब्दामागे काय होतं ते मी पुष्कळदा तपासलं आहे. मी तिला तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं होतं. तीन अंक सलग एकदाही नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेवढंच गाता येतं का, हे पाहिलं नव्हतं. आणि मी पियानोसोबत ऐकलं होतं. ऑर्केस्ट्राच्या आवाजाचा सर्वाधिक जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. कमावलेला आवाज त्याच्यावरून पार जातो तो मुख्यतः ३००० हर्ट्झजवळच्या चमकेमुळे, तिथे वाद्यांची गर्दी विरळ असते म्हणून. ही चमक तिच्या आवाजात होती, पण पुच्चिनीच्या मधल्या पट्टीत साठ वाद्यांसमोर ती पुरेल का, हे वीस चौरस मीटरच्या खोलीत कळणं शक्यच नव्हतं. खोलीत प्रत्येक आवाज मोठा वाटतो. हे मला माहीत होतं. तिच्या गाण्याने मी भारावले होते आणि जे माहीत होतं ते विचारात घेतलं नाही.

तिने होकार दिला, काही अटी घालून: दोन बटरफ्लायमध्ये किमान दोन मोकळे दिवस, डिसेंबरात ग्रेटेलचे निम्मेच प्रयोग, आणि तालमीत गरज पडेल तेव्हा ‘मार्क’ करायची मुभा. मार्क करणं म्हणजे अर्ध्या आवाजात, गरज पडली तर एक सप्तक खाली गाऊन आवाज वाचवणं. इंटेंडंट आणि संगीत दिग्दर्शक दोघांनीही सगळ्याला हो म्हटलं. बैठक वीस मिनिटं चालली. कुणी कागदावर काही लिहिलं नाही.

३१ ऑक्टोबर आला आणि गेला. पत्र आलं नाही. करार तिसऱ्या हंगामापर्यंत आपोआप वाढला.

पुढे काय घडलं

नोव्हेंबर चांगला गेला. डिसेंबरात गडबड सुरू झाली. थिएटरचं वेळापत्रक बनवतं ते नियोजन कार्यालय. अटी तिथपर्यंत पोचल्याच नव्हत्या. ग्रेटेल करणारी दुसरी गायिका आजारी पडली, तेव्हा कार्यालयाने यादीतलं पुढचं नाव लावलं. सकाळी अकराला मुलांचा प्रयोग, आणि त्याच संध्याकाळी सहा ते दहा बटरफ्लायची तालीम. ग्रेटेलमध्ये नुसतं गाणं नसतं; पळणं, ओरडणं, खिदळणं असतं. पुढे सर्दी झाली. मग खोकला. दोन्ही गोष्टी तिथल्या हिवाळ्यात सगळ्यांनाच होतात, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

जानेवारीत ऑर्केस्ट्रासोबतच्या तालमी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी तिने मार्क केलं. संगीत दिग्दर्शकांनी मध्यंतरात विनंती केली की वाद्यांचा समतोल ठरवायचा आहे, तेव्हा एकदा पूर्ण आवाजात ऐकायला हवं. विनंती रास्त होती. तिने पूर्ण आवाजात गायलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंकासाठी तीच विनंती, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या अंकासाठी. मी प्रेक्षागृहात मागे बसून ऐकत होते. वरचे सूर लख्ख येत होते. मधल्या ओळींत व्हायोलिन चढले की तिचा आवाज जायचा. तोंड हलताना दिसायचं. मग ती जोर लावायची आणि ऐकू यायचं, पण त्या सुरात धातूसारखा एक कोरडेपणा आलेला असायचा.

चौथ्या दिवशी सकाळी पामिनाच्या प्रयोगासाठी आवाज तापवताना एक गोष्ट घडली. वरचा, अगदी हळू घ्यायचा सूर लागला नाही. आधी नुसती हवा आली, मग किंचित उशिराने सूर. मोठ्या आवाजात तोच सूर स्वच्छ होता. जाणकाराने तिथेच थांबायला हवं. स्वरतंतूंना सूज आली की सगळ्यात आधी वरचे हळुवार सूर जातात. जोरात गाताना हवेच्या दाबाने तंतू कसेही जुळतात आणि दोष झाकला जातो. मी म्हणाले, सर्दी अजून उतरलेली दिसत नाही. हा माझा दुसरा चुकीचा सल्ला.

ती माझं न ऐकता एकटीच आवाजाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी स्ट्रोबोस्कोपी केली. यात लुकलुकत्या प्रकाशात कॅमेऱ्याने पाहिलं की स्वरतंतूंची वेगवान हालचाल मंद झाल्यासारखी दिसते. दोन्ही तंतूंच्या कडा सुजलेल्या होत्या. गाठ नव्हती, रक्तस्राव नव्हता. तिने डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन घेतल्याचं सांगितलं तेव्हा डॉक्टर गंभीर झाले: रक्त पातळ करणारी गोळी आणि त्यावर जोर लावून गाणं, यातून तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. दहा दिवस आवाज जवळजवळ बंद, कुजबुजही नाही, कारण कुजबुजताना घशावर ताण येतोच. आणि महिनाभर जड भूमिका नाही.

पहिला प्रयोग बारा दिवसांवर होता.

दुसरा निर्णय: जानेवारी

थिएटरकडून विचारणा झाली की कॉर्टिसोनने, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाने, भागेल का. अडीअडचणीला असे उपचार दिले जातात, त्यात गैर काही नाही. पण डॉक्टरांनी तिला नीट समजावलं: सूज उतरते, आवाज मोकळा वाटतो, आणि ‘आता पुरे’ असं सांगणारी घशाची जाणीवही बोथट होते. एका हलक्या भूमिकेच्या एका प्रयोगासाठी धोका पत्करता येतो. बटरफ्लायच्या सात प्रयोगांसाठी नाही.

ती माझ्या खोलीत आली आणि बोलायला बंदी असल्यामुळे वहीत लिहिलं: “मी सोडते आहे.” मी काही बोलायच्या आत तिने खाली लिहिलं: “सल्ला विचारत नाहीये.”

त्याच दुपारी तिने इंटेंडंटना डॉक्टरांच्या पत्रासह कळवलं. हे धाडसाचं होतं, आणि एका गोष्टीमुळे शक्यही झालं: ३१ ऑक्टोबर उलटून गेला होता. पुढच्या हंगामाचा पगार नक्की होता. सप्टेंबरात ज्या तारखेने तिला होकाराकडे ढकललं, त्याच तारखेने जानेवारीत नकाराला आधार दिला.

परिणाम

पाहुणी गायिका दुसऱ्याच दिवशी मिळाली. बटरफ्लाय तयार असलेल्या सोप्रानो युरोपात पुष्कळ आहेत. पाहुणी चांगली गायली आणि प्रयोग वेळेवर झाला. सप्टेंबरात जो खर्च टाळायचा म्हणून हे सगळं घडलं, तो थिएटरला जानेवारीत करावाच लागला.

तिची सूज तीन आठवड्यांत उतरली. मार्चमध्ये ती पुन्हा पामिना गायली, दुःखाच्या आरियाचा तो हळुवार सूर जागेवर होता. एजंटने मात्र तिचं नाव आपल्या यादीतून काढलं. संगीत दिग्दर्शक उरलेला हंगाम तिच्याशी कामापुरतंच बोलले. एका स्थानिक परीक्षणात तिच्या ‘नाजूक प्रकृती’चा उल्लेख आला आणि तो तिला फार लागला. तिसऱ्या हंगामात तिला ‘फिगारो’मधली सुझाना आणि ‘फिडेलिओ’मधली मार्त्सेलीने मिळाली. त्या हिवाळ्यात तिने दोन ठिकाणी ऑडिशन दिल्या, सुरुवात पुन्हा पामिनानेच केली, आणि एका मध्यम आकाराच्या थिएटरने तिला लिरिक सोप्रानो म्हणून घेतलं. आमच्या थिएटरने तिला विनातक्रार मोकळं केलं.

निरोपाच्या दिवशी इंटेंडंटनी तिला सांगितलेली एक गोष्ट तिने मला नंतर सांगितली. दहा दिवसांची मुदत अंदाजपत्रकाच्या बैठकीमुळे होती. तिने महिना मागितला असता, तर त्यांनी दिला असता. आणि तिला सोडायचा विचार त्या ऑक्टोबरात त्यांच्या मनात नव्हताच.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी जागा. जर्मन थिएटरांत तालीम साधारण दहा ते दोन आणि सहा ते दहा अशी चालते. मधले चार तास रंगमंच तंत्रज्ञांकडे असतो, पण महिन्यातून एक-दोन दुपारी तो रिकामा मिळतोच. अशा दुपारी मी पियानोवर, संगीत दिग्दर्शक शेवटच्या रांगेत, आणि ती तिन्ही अंक सलग गाते. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पियानो म्हणजे ऑर्केस्ट्रा नव्हे, तेव्हा वाद्यांसमोर काय होतं ते यातूनही पूर्ण कळलं नसतं. पण दुसऱ्या वेळी तिसऱ्या अंकात आवाज कसा येतो, हे सप्टेंबरातच ऐकू आलं असतं. ही चाचणी मागणं माझं काम होतं. गायिकेने मागितली तर ती स्वतःबद्दल साशंक आहे असा अर्थ लावला जातो. कोरेपेटिटरने मागितली तर तो कामाचा भाग ठरतो.

अटी लिहून द्यायला हव्या होत्या, आणि त्या नियोजन कार्यालयाकडे जायला हव्या होत्या. इंटेंडंट आणि दिग्दर्शक खोटं बोलले नाहीत. त्यांनी दिलेला शब्द ज्या माणसाला पाळायचा होता, त्याला तो कुणी सांगितलाच नाही. एक साधा ईमेल पुरला असता.

तारखेच्या भीतीबद्दल तिने कुणाशीतरी उघड बोलायला हवं होतं. थिएटरांत एकल गायकांचा निवडलेला प्रतिनिधी असतो, आणि रंगकर्मींची १८७१ पासून चालत आलेली संघटना सभासदांना कायद्याचा सल्ला देते. ती सभासद नव्हती. तरुण गायकांना हे कुणी सांगत नाही. विद्यापीठात पाच वर्षं श्वास शिकवतात, करार एक तासही नाही.

आणि निरोगी असताना केलेली तपासणी. डॉक्टरांकडे तिचे आधीचे चित्रण नव्हते, त्यामुळे सूज किती नवी आणि किती जुनी याचा अंदाजच करावा लागला. आता ती दर हंगामाच्या सुरुवातीला, काहीही दुखत नसताना, एकदा जाऊन येते.

तिचा सप्टेंबरातला होकार मात्र मला चूक वाटत नाही. सत्ताविसाव्या वर्षी अशी भूमिका समोर आली आणि मन धावलं नाही, तर तो माणूस या क्षेत्रात कशाला येईल? तिला तिच्याच आवाजाची पुरेशी माहिती न देता उत्तर द्यायला लावलं, हे चुकलं.

अलीकडे तिचा फोन आला. नव्या थिएटरने तीन वर्षांनंतरच्या हंगामासाठी बटरफ्लायबद्दल विचारलं आहे. मी काही म्हणायच्या आत तिने सांगितलं की उत्तर दिलेलं नाही. ऑर्केस्ट्राच्या एका तालमीनंतर उरलेली चाळीस मिनिटं तिने दुसऱ्या अंकासाठी मागून घेतली आहेत. मी येऊन शेवटच्या रांगेत बसावं, आणि मधल्या ओळीत तिचा आवाज कुठे हरवतो तिथे वहीत खूण करावी, असं तिचं म्हणणं आहे.